अँबॅसिडर, पद्मिनी आणि खिशातला रोटर

अँबॅसिडर चांगली की पद्मिनी, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणारा बहुतेक तिशीतला असतो. त्याच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये दोन्ही गाड्यांचे आकडे असतात. मी त्याला उलट विचारतो, तुझ्या स्वतःच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस? तो हसतो. म्हातारा चेष्टा करतोय असं त्याला वाटतं. मी चेष्टा करत नसतो.

जळकोटला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. चव्वेचाळीस वर्षं झाली. आता रोजचं काम पुतण्या बघतो आणि मी खुर्ची टाकून त्याच्या चुका काढत बसतो. बसू मिस्त्री म्हटलं की उमरग्यापासून तुळजापूरपर्यंत कोणीही पत्ता सांगेल. या अंकाच्या संपादकांनी मला 'जुन्या गाड्यांच्या गोड आठवणी' लिहायला सांगितल्या. गोड हवं असेल तर हलवायाकडे जावं. माझ्याकडे आहे ते लिहितो, आणि त्यातलं बरंचसं रागाचं आहे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी महेश एक छापील फॉर्म घेऊन आला. महेश म्हणजे आमच्या गावचे आडत दुकानदार शिवलिंगअप्पा यांचा नातू. अप्पा आता नाहीत, त्यांची पांढरी अँबॅसिडर महेशकडे आहे. सोलापूर, लातूरकडच्या हौशी पोरांचा त्याने एक ग्रुप केलाय. जुन्या गाड्या घासूनपुसून फोटो काढायचे, व्हिडिओ करायचे, असा त्यांचा उद्योग. फॉर्मवर डावीकडे अँबॅसिडर, उजवीकडे पद्मिनी आणि मध्ये रकाने. इंजिन किती, ताकद किती, वजन किती, पिकअप किती, ब्रेक मारल्यावर किती फुटांत थांबते. खाली 'तज्ज्ञ परीक्षक' म्हणून माझी सही.

मी त्याला म्हटलं, आकडे लिहायला मी कशाला पाहिजे, ते तर तोंडपाठ आहेत. जुन्या पेट्रोल अँबॅसिडरचं इंजिन चौदाशे एकोणनव्वद सीसी, पद्मिनीचं एक हजार एकोणनव्वद. बरोबर चारशेचा फरक. अँबॅसिडर अकरा क्विंटलच्या वर, पद्मिनी नऊच्या आसपास. म्हणजे एक पैलवान जास्त ताकदीचा, पण त्याच्या अंगावर ओझंही जास्त. म्हणून सपाट रस्त्यावर पद्मिनी पुढे निघते आणि लोकांना वाटतं तिचं इंजिन मोठं. अँबॅसिडरचं चाक पंधरा इंची, पद्मिनीचं चौदा, तेव्हा नांगरट झालेल्या वावराच्या कडेनं जायचं तर अँबॅसिडर. पेट्रोलची टाकी अँबॅसिडरची मोठी, आणि ती तिला लागतेच. गिअरचा दांडा दोन्हींचा स्टिअरिंगच्या खाली. पद्मिनीचा लोण्यात सुरी फिरवावी तसा पडायचा. अँबॅसिडरचा पडतो की नाही हे ज्याचं त्याला माहीत.

हे झाले आकडे. पण फॉर्ममध्ये जे विचारलं नव्हतं त्याचं काय? माकणीच्या एका शेतकऱ्याने आजारी कालवड अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर घालून डॉक्टरकडे नेली होती. येताना गाडी माझ्याकडे आणली. सीट काढून धुतली तरी महिनाभर वास जाईना, पण कालवड वाचली. पद्मिनीत ती मावली नसती. दुसरीकडे वाशीचे एक मास्तर होते, पायाने थोडे अधू. अँबॅसिडरचा क्लच दाबताना त्यांची मांडी भरून यायची. त्यांनी पद्मिनी घेतली आणि पंधरा वर्षं सुखाने चालवली. कोणाला काय न्यायचंय आणि कोणाचा पाय कसा आहे, यावर गाडी ठरते. आकड्यांवर ठरवणाऱ्यांनी वजनकाटा विकत घ्यावा आणि त्याच्यावर बसावं.

महेशने हे सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "काका, बाकी ऱ्हाऊ द्या. ब्रेकची टेस्ट तर आपल्याला प्रत्यक्ष घ्यायची हाय. साठच्या स्पीडनं येयाचं आन दाबायचं. कोण आधी थांबतंय त्ये बघू."

मी विचारलं, पद्मिनी कोणाची?

"वकीलसाबांची," तो म्हणाला. "अस्मा चालवणार हाय."

तेव्हाच मी फॉर्म फाडायला पाहिजे होता. नाही फाडला. खिशात घातला.

वकीलसाब म्हणजे नळदुर्गचे हबीबसाब. उमरग्याच्या कोर्टात त्यांचा जम होता. मोतिया रंगाची पद्मिनी ठेवली होती. दार आपटलेलं त्यांना चालायचं नाही. कोणी आपटलं तर गाडी थांबवून त्याला उतरवत, दार परत हळू लावायला लावत आणि मगच पुढे जात. शिवलिंगअप्पांचं बरोबर उलट. अप्पांच्या अँबॅसिडरमध्ये तुरीची पोती, पाहुणे आणि नारळाची टोपली एकाच वेळी असायची, आणि दार बंद व्हायला बाहेरून एकाने गुडघा लावावा लागायचा. दोघांचं वीस वर्षं एकच भांडण, कोणाची गाडी भारी. दोन्ही गाड्या माझ्याकडेच होत्या, म्हणून दोघेही मला साक्षीदार करायला बघत. मी कधी निकाल दिला नाही. दोघांची गिऱ्हाइकी सोडायला मी काय खुळा होतो?

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आदल्या संध्याकाळी पाने, हातोडे, पुलर, जॅक सगळं रॉकेलने धुऊन पुसायचं, लाल फडक्यावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू. मग दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत एकाही पान्याला हात लावायचा नाही. माझ्या उस्तादांनी, ते मुसलमान होते तरी, हा नेम कधी मोडला नाही. त्यांचं म्हणणं, वर्षभर राबणाऱ्या हत्याराला एक दिवस झोपू द्यावं. त्या दिवशी माझी नेहमीची गिऱ्हाइकं गाड्या घेऊन यायची, हार घालून, नारळ फोडून परत जायची. अप्पांची अँबॅसिडर आणि वकीलसाबांची पद्मिनी शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि दोघांचं भांडण चहाबरोबर रंगायचं.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला वकीलसाब हार घालून झाल्यावर म्हणाले, ब्रेकचं पेडल जरा मऊ लागतंय. मी बसून दाबून पाहिलं. पेडल खाली जात होतं, दोनदा मारलं की वर येत होतं. खाली वाकून पाहिलं तर मागच्या डाव्या चाकाला आतल्या बाजूने ओला डाग.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेडल दाबलं की नळीतून तेल चारही चाकांकडे जातं. प्रत्येक चाकात एक लहान सिलिंडर असतो. त्यात बोटाच्या पेराएवढं रबर. तेल त्या रबराला ढकलतं, रबर लायनरला ढकलतं, लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमला आतून धरतो. त्या रबराची किंमत चहाच्या दोन कपांएवढी. ते कुजलं की तेल बाहेर येतं. आणि या जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच नळी, त्यामुळे एका चाकाचं रबर गेलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. अँबॅसिडर असो की पद्मिनी, इथं दोघी सारख्याच. फॉर्मच्या त्या रकान्यात हे कोण लिहिणार?

मी वकीलसाबांना सांगितलं की हत्यारं पूजेला बसलीत, उद्या सीमोल्लंघनानंतर उघडतो. ते म्हणाले, संध्याकाळी नळदुर्गला पाहुणे यायचेत. मी म्हटलं, मग दोनदा पंप करून हळू न्या.

त्यांनी हळूच नेली. नळदुर्गच्या अलीकडच्या उतारावर समोर बैलगाडी आली. पेडल फळीला टेकलं आणि तिथंच राहिलं. बैलगाडी वाचवायला त्यांनी गाडी रस्त्याखाली घातली, ती बाभळीवर गेली. उजवा गुडघा चुरला. पुढे त्यांनी कोर्टात काठी घेऊन उभं राहून वकिली केली, पण गाडी पुन्हा कधी चालवली नाही. दवाखान्यात मी गेलो तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं की गाडी दुरुस्त होईल का. मी सहा महिने खपून ती उभी केली. एका शब्दानेही ते मला बोलले नाहीत. लोक म्हणाले, बसू मिस्त्री काय करणार, खंडेनवमी होती. मीही तेच म्हणत आलो. कोणीही विचारलं तरी तेच, खंडेनवमी होती.

कोणी न चालवलेली ती पद्मिनी वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी वकीलसाबांची नात अस्मा, ती सोलापूरच्या कॉलेजात शिकवते, तिने मनावर घेतलं. गाडी नवीसारखी करायची ठरवली. माझ्याकडे आणली नाही. महेशच्या ओळखीच्या सोलापूरच्या गॅरेजात दिली. मला कळलं तेव्हा दोन दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही. ज्या गाडीचा प्रत्येक बोल्ट मी ओळखतो ती माझ्या दारावरून ट्रकवर चढून सोलापूरला जाते, हे मला सहन झालं नाही, आणि होणारही नाही.

तर गेल्या वर्षीची खंडेनवमी. महेशने मुद्दाम तोच दिवस धरला. सुट्टी असते, गाड्यांना हार असतात, व्हिडिओ चांगला येतो. चौपदरी रस्ता झाल्यावर जुन्या हायवेचा एक तुकडा आमच्या गॅरेजमागे तसाच पडून आहे, तिथं टेस्ट. वीसेक पोरं जमली होती. वकीलसाबही आले होते. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. लिंबाखाली खुर्ची टाकून, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते.

पद्मिनी आली आणि मी बघतच राहिलो. रंग असा की त्यात तोंड बघावं. बंपर चकाचक, आत नवी सीटकव्हरं. अस्मा उतरली, मला सलाम केला आणि दार हळू लावलं. माझा राग थोडा उतरला. मग सवयीप्रमाणे मी चाकांशी वाकलो.

मागच्या डाव्या चाकाला आतून ओला डाग.

मी बोट लावून वास घेतला. ब्रेकचंच तेल. अस्माला विचारलं, ब्रेकचं काय काय केलंय? तिने सगळं पाठ सांगितलं. लायनर नवे, ड्रम घासले, रंग दिला. आणि रबरं? ती महेशकडे बघायला लागली. महेशने सोलापूरच्या गॅरेजला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की रबरं बरी दिसली म्हणून तीच ठेवली. बरी दिसली! दिसण्यासाठी आख्खी गाडी रंगवली होती ना, रबर तरी कामाचं टाकायचं.

मी म्हटलं, गाडी निघणार नाही. ब्रेक उघडल्याशिवाय नाही.

महेश हसला. "काका, आज तुमी पान्याला हात तर लावणार न्हाय. उघडणार कोण? दोनच चकरा हाईत. आन पोरं लातूरहून आल्यात."

त्याचं खोटं नव्हतं. माझाच नेम त्याने माझ्यापुढे आणून ठेवला होता. मागे टेबलावर लाल फडक्यावर माझी हत्यारं हळदकुंकू लावून झोपलेली होती. अस्माही म्हणाली, "चाचा, दादाअब्बा मुद्दाम बघायला आलेत. मी दोनदा पंप करून चालवते." दोनदा पंप करून! हे तिला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं, ते मी आजवर अनेकांना ऐकवलंय. जिथं काम करून घेतलं तिथंच दाखवा. ते बोललो असतो तर मी मोकळा झालो असतो. खुर्चीवर जाऊन बसलो असतो आणि जे व्हायचं ते बघितलं असतं.

अस्मा आत बसली. पोरांनी कॅमेरे धरले. मी पुढे गेलो आणि म्हटलं, थांब, तेल-पाणी बघतो. बॉनेट उघडलं. डिस्ट्रीब्यूटरचं झाकण दोन क्लिपांवर बसतं, ते बोटांनी सुटतं. त्याच्या खाली रोटर असतो, अंगठ्याएवढा तुकडा. तो फिरत फिरत प्रत्येक प्लगला ठिणगी पोचवतो. तो नसला की इंजिन दिवसभर घुरघुरेल, पण चालू होणार नाही. मी तो उचलला, खिशात टाकला, झाकण परत बसवलं, बॉनेट लावलं. एकाही पान्याला हात लागला नाही.

अस्माने चावी मारली. घुरघुर. परत मारली. महेश धावत आला, प्लग बघ, वायर बघ, बॅटरी बघ. त्याच्या ग्रुपमधला एक जण मोबाइलवर काहीतरी शोधायला लागला. पाच-सात मिनिटं मी ती गंमत बघितली, खोटं कशाला बोलू. मग सांगितलं की रोटर माझ्या खिशात आहे.

महेश भडकला. सगळ्यांसमोर मला नको ते बोलला. म्हातारपणात माझं डोकं फिरलंय, मला अँबॅसिडर हरायची भीती वाटते, काय काय. मीही कमी बोललो नाही. त्याला म्हटलं, तुला फूट मोजायचेत ना, मग बाभळीपर्यंतचे मोज. त्याला बाभळीचं काही माहीत नव्हतं. तो गप्प झाला नाही, पण अस्मा गाडीतून उतरली. तिने आजोबांच्या खुर्चीकडे बघितलं.

वकीलसाबांनी काठी वर केली आणि मला जवळ बोलावलं. मी गेलो. ते म्हणाले, "दाखव."

मी रोटर त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग हळू आवाजात विचारलं, "ह्ये काढायला हत्यार लागत न्हाय व्हय, मिस्त्री?"

"न्हाय लागत, वकीलसाब."

"मग त्या दिवशी तुला ह्ये सुचलं न्हाय?"

त्या दिवसाबद्दल पंचवीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझ्यापाशी उत्तर तयार होतं. सगळ्या जिल्ह्याला मी तेच दिलं होतं. खंडेनवमी होती.

"सुचलं होतं," मी म्हणालो.

त्या खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात वकीलसाब कामाला सोलापूरला गेले होते आणि तिथंच कोणाकडून तरी ब्रेकचे लायनर बदलून आले होते. मला न विचारता. इतकी वर्षं गाडी माझ्या हाताखाली आणि ब्रेक सोलापूरला. ओला डाग बघितला तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. बघा म्हणावं आता शहरातलं काम. रोटर काढून ठेवावा, त्यांना एसटीने पाठवावं, हे माझ्या मनात आलं होतं. मी बॉनेटवर हातही ठेवला होता. मग वाटलं, आपण कशाला? खंडेनवमी मला फुकटात मिळाली आणि मी तिच्यामागे लपलो. हत्यारांचा मान वगैरे काही नव्हतं. माझा मान होता. मला राग येतो तो महेशचा येतो, सोलापूरवाल्यांचा येतो, त्या फॉर्मचा येतो, पण सगळ्यात जास्त ज्याचा येतो त्याचं नाव मी गॅरेजच्या पाटीवर लिहिलंय.

हे सगळं मी त्यांना तिथंच सांगितलं. उभ्याने. पोरं लांब होती, त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. वकीलसाब ऐकत होते आणि उजव्या गुडघ्यावर हात फिरवत होते. माफ केलं म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत. रोटर त्यांनी शेरवानीच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "उद्या ब्रेक उघड. म्या समोर बसणार हाय."

दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन करून आलो तर ते गॅरेजात ढकलून ठेवलेल्या पद्मिनीसमोर खुर्चीवर येऊन बसलेले. मी त्यांच्या हातात आपट्याचं पान दिलं, त्यांनी घेतलं. मग मी पूजेवरून पाने उचलले. मागचं डावं चाक काढलं, ड्रम काढला, सिलिंडर खोलला. रबर फुगून मऊ झालं होतं. पुसून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी दोन बोटांत दाबलं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"दुसरं बसव," ते म्हणाले.

मी चारही चाकांना नवी रबरं बसवली. तेल नवं भरलं, नळीतली हवा काढली. पेडल दगडासारखं झालं. तेव्हा त्यांनी रोटर खिशातून काढून दिला. अस्मा गाडीत बसली. मी हात पुसत बाजूला झालो तर वकीलसाब तिला म्हणाले, "मिस्त्रीला शेजारी बसव. नळदुर्गच्या उतारापर्यंत जाऊन ये. ब्रेक त्यानं केल्यात."

मी शेजारी बसलो. अस्मा चांगली चालवते. ती बाभळ आता नाही, रस्ता रुंद करताना गेली. पण जागा मला डोळे मिटूनही सापडते. तिथं आल्यावर मी तिला म्हटलं, आता दाब.

गाडी थांबली. किती फुटांत, ते मी मोजलं नाही.